सात पुलांचा कोपरा

१० मार्च

जुनं इंजिन आज होडीतून बाहेर काढलं. तीन सिलिंडरचं डिझेल, वयाने माझ्यापेक्षा मोठं. क्रेनच्या साखळीला लटकत असताना त्यातून तेल ठिबकायला लागलं तशी कारखान्यातली माणसं मागे सरकली. बाबा पुढे गेला. घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा त्याने त्यावर हात ठेवला.

"नव्या मशीनचा आवाज किती असेल?" त्याने विचारलं.

"नाहीच म्हण. पाण्याचा होईल तेवढाच."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

मला अभिमान वाटत होता आणि तो लपवायचं कारण नव्हतं. पालिकेच्या नियमाप्रमाणे या हंगामापासून शहराच्या कालव्यांत धूर सोडणारी प्रवासी होडी चालणार नाही. बाबाने दोन वर्षं चालढकल केली. शेवटी मी मे अखेरपर्यंत बिनपगारी रजा घेऊन आइंडहोवनहून इथे आले. बॅटऱ्या हाच माझा व्यवसाय आहे. आमच्या बारा माणसांच्या 'दोरोथेया' होडीची विजेवर चालणारी रचना मी स्वतः काढली आहे.

"वा, इंजिनियरबाई," बाबा म्हणाला आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला. चिंधी त्याच्या समोरच बाकावर पडली होती. मी उचलून दिली.

२३ मार्च

चाचणी झाली. मोटर अपेक्षेपेक्षा चांगली चालते. ताशी सहा किलोमीटरला वीज माझ्या हिशेबापेक्षा कमी लागली. सुकाणूशेजारी छोटा पडदा बसवला आहे, त्यावर सगळे आकडे दिसतात.

बाबा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. "तू वाच ना," म्हणतो. "तुझा आवाज चांगला आहे, कधी ऐकायला मिळत नाही."

मग म्हणाला, "हिला थोडा आवाज ठेवता येणार नाही का गं? अगदी थोडा. घरघर."

मी सांगितलं की घरघर म्हणजे वाया गेलेली शक्ती. चांगल्या यंत्राला आवाज नसतो.

"बरं," तो म्हणाला. त्याला जुन्या इंजिनाची आठवण येते आहे, हे मला समजतं. पण आठवणीसाठी मोटरची कार्यक्षमता कमी करता येत नाही.

२९ मार्च

बेपमावशी रोज सकाळी शेजारच्या घरहोडीतून येते आणि बाबाला वर्तमानपत्र वाचून दाखवते. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. तो डोळे मिटून ऐकतो आणि मधूनमधून कॉफी ओततो, ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवून.

आज मी आत गेले तेव्हा ती म्हणत होती, "रीनस, एक दिवस तुला सांगावंच लागेल." मला पाहून तिने पान उलटलं.

त्यांचं काहीतरी चाललेलं असावं. आई जाऊन चार वर्षं झाली. हरकत घ्यायला मला काही कारण दिसत नाही. फक्त त्याने स्वतःहून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

४ एप्रिल

हंगामाची पहिली फेरी. अकरा प्रवासी. मी मागे बसून आकडे टिपत होते.

बाबाच्या फेरीची पद्धत मी विद्यार्थी असताना होती त्यापेक्षा बदलली आहे. तेव्हा उन्हाळ्यात मी त्याच्या हाताखाली काम करायचे, परवानाही तेव्हाच काढला. त्या वेळी तो नुसता बोलायचा. आता खेळ घेतो. "मंडळी, समोरून येणारी होडी जो आधी सांगेल त्याला आमच्या देशाची मिठाई!" मिठाई म्हणजे खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी. परदेशी माणूस ती तोंडात टाकतो, चेहरा वाकडा करतो आणि सगळे हसतात. तरी पुढच्या वळणावर तेच लोक पुन्हा ओरडतात: "डावीकडे पांढरी होडी! पुलाखाली दोघं!" पोरांची सहल वाटते. मला हे थोडं खालच्या दर्जाचं वाटलं. पण लोक खूश होते.

ब्राउअर्सग्राख्त या कालव्यावरच्या पुलाखालून जाताना होडीचा उजवा काठ भिंतीला घासला. रबरी पट्टी फाटली. मी त्याला काठ घासताना आजवर पाहिलेलं नाही.

"तुझी मोटर फार ओढते," तो म्हणाला.

मी घरी येऊन नोंदी तपासल्या. ओढत नाही.

७ एप्रिल

आणखी दोन ओरखडे. दोन्ही पुलांखाली. मी सुकाणूचा प्रतिसाद थोडा मऊ करून दिला.

बेपमावशी तिच्या कठड्याला रंग देत होती. मी विचारलं, हिवाळ्यात बाबाला काही झालं होतं का?

"मला कशाला विचारतेस? बापाला विचार."

"तो चेष्टा करतो."

"मग तूही एकदा चेष्टा कर, बघ काय होतं. तू आलीस की तुझा बाप चापूनचोपून बसतो, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा." तिने कुंचला डब्यात बुडवला. "त्याने आवाज मागितला होता ना तुझ्याकडे? द्यायचा होतास."

मी म्हटलं, ते शक्य नव्हतं.

"शक्य नव्हतं," ती म्हणाली आणि कठडा रंगवत राहिली.

१५ एप्रिल

आज झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

रेग्युलिर्सग्राख्तच्या तोंडाशी एक कोपरा आहे, तिथून एकामागे एक असे सात पूल एका रेषेत दिसतात. शहरातली प्रत्येक होडी तिथे थांबते. बाबाची तिथली गोष्ट त्याने स्वतः रचलेली आहे. मी नऊ वर्षांची असताना त्याने ते कबूल केलं होतं. एका गवंड्याला सात मुली. प्रत्येकीच्या लग्नासाठी त्याने एक पूल बांधला. थोरली आळशी म्हणून तिचा पूल रुंद, दुसरी भांडखोर म्हणून तिच्या कमानीत प्रतिध्वनी... असं करत धाकटीपर्यंत. ती हिशेबी, कधी हसत नसे, म्हणून तिच्याशी कोणी लग्न केलं नाही आणि तिचा पूल सगळ्यांत दूर आहे. इथे आई माझ्याकडे बघायची. मग बाबा म्हणतो, "आता मोजा!"

आज तो "आता मोजा!" म्हणाला तेव्हा कोपरा अजून पुढे होता. उजवीकडे विटांची भिंत आणि तिला टेकून ठेवलेल्या सायकली.

प्रवासी सायकलींकडे बघू लागले. मग एक बाई म्हणाल्या, "कुठले पूल?"

बाबा हसला. "बघा, डच माणसाने फुकट दिलेलं काही दिसत नाही बरं का!" सगळे हसले. त्याने होडी हळूहळू पुढे नेली आणि कोणीतरी "अरे, ते बघा!" ओरडल्यावर थांबवली. त्याच्या मानेला घाम आला होता. हवा थंड होती.

तीस वर्षांत रोज जिथे थांबला ती जागा माणूस कशी विसरतो?

१८ एप्रिल

मी विस्मरणाच्या आजाराबद्दल वाचते आहे. ओळखीच्या जागी चुकणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. वस्तू समोर असून न सापडणं हेही.

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं दाट सूप केलं होतं. सहज विचारल्यासारखं करून मी त्याला प्रिन्सेनग्राख्तवरचे पूल ओळीने सांगायला सांगितले. त्याने एकही न चुकता सांगितले, वर प्रत्येकाखाली पाणी कुठल्या बाजूला ओढतं तेही.

"परीक्षा घेतेस होय?" तो म्हणाला. "आता मी विचारतो. तुझ्या आईचा आवडता पूल कुठला?"

मला माहीत नव्हतं.

"नापास," तो म्हणाला. पण हसला नाही.

२१ एप्रिल

शेवटी मी स्पष्ट विचारलं. "बाबा, तुला विसरायला होतं का?"

तो बराच वेळ चमचा बशीवर फिरवत राहिला. मग म्हणाला, "हो. हल्ली होतं खरं."

मला एक प्रकारे हलकं वाटलं. कारण सापडलं की उपाय शोधता येतो. मी म्हटलं, हंगाम संपला की तपासणी करू, तोवर प्रत्येक फेरीला मी सोबत असेन. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच तो कशालाच हो म्हणत नाही.

बेपमावशी दारात उभी होती, हातात वर्तमानपत्र. "विसरायला होतं म्हणे," ती म्हणाली. "तीस वर्षांपूर्वी मी याच्याकडून एक हातोडी घेतली होती, ती अजून मागतो." आणि न वाचताच निघून गेली.

२७ एप्रिल

राजाचा वाढदिवस. कालव्यांत पाणी दिसत नव्हतं इतक्या होड्या, इतकी नारिंगी माणसं, इतके भोंगे. आम्ही फेरी ठेवली नाही. बाबा दिवसभर धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता. संध्याकाळी म्हणाला, "आज बरं वाटलं. सगळं जागच्या जागी होतं." मला अर्थ लागला नाही. बाहेर तर नुसता गोंधळ होता.

३ मे

अपघात झाला.

नऊ प्रवासी होते. ऊन होतं, पाणी शांत. आता कालव्यावर जवळजवळ सगळ्याच होड्या विजेच्या आहेत, बदकांचं बोलणंसुद्धा ऐकू येतं. हेरेनग्राख्तच्या वळणावर बाबाने रीतीप्रमाणे लांब शिटी दिली आणि थांबून ऐकलं. उत्तर आलं नाही. पुलाखालून भाड्याची छोटी होडी आली. चार तरुण, हातात बाटल्या, शिटीबिटीची त्यांना काही माहिती नाही.

पुढे बसलेल्या, गेंट शहराहून आलेल्या एका बाईंनी ती आधी पाहिली. "होडी! होडी! गोळी माझी!"

"शाब्बास! कुठे?" बाबाने विचारलं.

"तिकडे!" त्यांनी हात लांब केला.

"कुठे?"

"अहो तिकडे, ती काय!"

त्यांचा हात त्याच्या चेहऱ्यासमोर ताणलेला होता. बाबा थेट त्या हाताकडे बघत होता. आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, डावी का उजवी, बोला ना!"

मी उठले तोवर त्याने सुकाणू फिरवलं होतं, त्या होडीच्याच अंगावर. बाईंचा दुसरा हात होडीच्या काठावर होता. दोन होड्यांच्या मध्ये सापडून दोन बोटं मोडली.

मोटर मी बंद केली. जलपोलीस आले, नावं घेतली. बाईंना रुग्णवाहिकेत बसवताना बाबा त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागत होता, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तोंड करून.

विस्मरण नाही. ते कधीच नव्हतं. मी काय काय पाहिलं आहे ते मागे जाऊन वाचते आहे. सगळं इथेच, माझ्याच अक्षरात आहे.

४ मे

युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. संध्याकाळी आठला शहर दोन मिनिटं थांबतं. आम्ही होडीवरच होतो. ट्राम थांबल्या, सायकली थांबल्या, धक्क्यावरची माणसं उभी राहिली. कुठेही आवाज नाही. बाबा टोपी हातात घेऊन उभा होता.

पुन्हा ट्रामची घंटा वाजली तेव्हा तो म्हणाला, "आता माझं पाण्यावर रोज असंच असतं."

मी विचारलं, किती दिसतं?

"मधोमध धुकं. जिकडे बघेन तिकडे तेच पुढे. कडेकडेने दिसतं. तुझे बूट दिसतात. काळे आहेत."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली त्यानंतर सुरू झालं. गेली दोन वर्षं असं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. पासष्टीला परवान्याची तपासणी असते, तोवर दोन हंगाम निघाले असते."

"मग होडी कशी चालवत होतास?"

मला फेरीवर नेत असल्यासारखा तो हात हलवत बोलला. "इंजिन बोलायचं ना. भिंत जवळ आली की आवाज घट्ट व्हायचा. पूल आला की डोक्यावर झाकण ठेवल्यासारखा. समोर होडी असली की तिचंही इंजिन बोलायचं. आणि सात पुलांच्या कोपऱ्यावर," इथे तो थांबला, "तिथे उजवीकडे गेलेला आवाज परत यायचाच नाही. सातही कमानींतून निघून जायचा. मला कळायचं, आलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"होडी थांबवली असती."

"हं," तो म्हणाला. "बरोबर केलं असतंस. म्हणून नाही सांगितलं."

त्याने मला दोष दिला नाही. मी वाट पाहिली, पण दिला नाही. उलट म्हणाला, "मशीन मात्र छान झालंय गं. अजिबात आवाज नाही. म्हणालीस तसंच."

७ मे

गेंटच्या बाईंशी फोनवर बोलले. शस्त्रक्रिया करावी लागणार नाही. त्या पियानो शिकवतात. हे त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. बाबाला मी ते सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ दोराच्या गाठी सोडून पुन्हा बांधत बसला.

९ मे

जलपोलिसांना लेखी अहवाल द्यायचा होता. मी दोन ओळी लिहून त्याला वाचून दाखवल्या: नव्या मोटरच्या सुकाणूनियंत्रणात क्षणिक बिघाड झाला. असा बिघाड होऊ शकतो. मला तो पटेल असा लिहिता येतो. माझी चौकशी झाली असती, त्याचा परवाना राहिला असता आणि मग हंगामानंतर त्याला स्वतःहून निवृत्त होता आलं असतं, लोकांसमोर, टोपी घालून.

"खोड ते," तो म्हणाला.

"बाबा, मी विचार करून..."

"तुझं मशीन बिघडलं? कधी बिघडलं? एकदा तरी बिघडलं?"

"नाही."

"मग? आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी बनवलंस आणि त्याच्यावरच खोटं लिहितेस?" त्याचा आवाज चढला होता. मी त्याला असा फारसा ऐकलेला नाही. "लिही. माणूस आंधळा होता. मशीन ठीक होतं. त्या बाईंनाही खरं कळायला हवं. आण, सही कुठे करायची? बोट ठेव तिथे."

मी कागदावर बोट ठेवलं. त्याने त्याच्या शेजारी सही केली, माझ्या नखावरून थोडी गेली.

१३ मे

परवाना जमा केला. खिडकीतल्या तरुणाने विचारलं, "कारण?" बाबा म्हणाला, "सुंदर मुलींकडे बघून बघून डोळे गेले." तो तरुण हसावं की नाही अशा चेहऱ्याने शिक्का मारत राहिला.

ठरलेल्या फेऱ्या मे अखेरपर्यंत मी चालवते, बाबा पुढे बसून बोलतो. जूनमध्ये माझी रजा संपेल. दुसऱ्या कोणा कप्तानाच्या होडीवर बसून बोलायला तो तयार नाही. होडी विकायची, असं त्यानेच सांगितलं.

२१ मे

एका मोठ्या फेरी-कंपनीचा माणूस होडी बघायला आला. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रित माहिती असते, कानाला लावायची, कप्तान बोलत नाही. त्याने मोटर पाहिली, आकडे पाहिले, कोपऱ्यापर्यंत फिरवून आणली. "केवढी शांत आहे!" तो तीनदा म्हणाला. "कोणी केलं हे काम?"

"माझ्या मुलीने," बाबा म्हणाला.

सौदा ठरला. मशीनमुळेच ठरला.

संध्याकाळी मी हिशेब केला. एक छोटा घरघर करणारा भोंगा, जोडतारा, एक बटण. वीज जवळजवळ लागलीच नसती. दुपारच्या जेवणाच्या आत काम झालं असतं. अर्थात तो दिसत नसताना बारा माणसं घेऊन जातच राहिला असता आणि ते चूकच होतं. हे मला माहीत आहे. तरी हिशेब दोनदा केला.

२४ मे

बेपमावशीला विचारलं, आईचा आवडता पूल कुठला?

"तिला एकही आवडायचा नाही," ती म्हणाली. "प्रत्येक पुलाखाली मान खाली घालावी लागते म्हणून कुरकुरायची. पण सात पुलांच्या कोपऱ्यावर गोष्ट संपेपर्यंत बसून राहायची. तीच ती गोष्ट, वर्षानुवर्षं. मी म्हणायचे, अगं कंटाळा येत नाही? तर म्हणायची, त्याचा धाकटीवर येतानाचा आवाज ऐकायला थांबते."

मग म्हणाली, "आता वर्तमानपत्र कोण वाचणार असं विचारू नकोस. मी वाचते. फक्त रविवारी फोन करत जा, आणि आकडे सांगू नकोस, जेवलीस काय ते सांग."

३१ मे

शेवटची फेरी. बारा जागा भरल्या होत्या. बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कप्तानाची टोपी घातली नव्हती; ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि प्रवाशांना म्हणाला, "ही खरी कप्तान. हसत नाही, पण बुडवतही नाही."

गोळ्यांचा खेळ त्याने घेतला नाही. गेंटच्या बाईंच्या त्या प्रसंगापासून घेत नाही. मीच वळणावर मोठ्याने सांगते, "डावीकडून पांढरी होडी, पुलापाशी," आणि तो नुसती मान हलवतो.

हेरेनग्राख्तवर त्याने गवंड्याची गोष्ट सुरू केली. फार लवकर. कोपरा अजून बराच लांब होता, मध्ये एक पूल आणि एक वळण. त्याला थांबवता आलं असतं. "बाबा, अजून नाही," एवढंच म्हणायचं होतं.

मी थांबवलं नाही. गोष्ट मला पाठ आहे. थोरलीला किती वेळ लागतो, भांडखोर दुसरीच्या प्रतिध्वनीला लोक किती हसतात, हे मला माहीत आहे. मी मोटर परवानगीच्या वेगापर्यंत नेली. तिसरीच्या वेळी पुलाखाली होतो. पाचवीच्या वेळी वळण घेतलं. समोरच्या होडीला हात करून थांबवलं. तिच्या कप्तानाने कपाळाला आठ्या घातल्या. बाबा बोलत होता, चेहरा किंचित वर, हात मांडीवर. सहावीला मी वेग उतरवला. मोटर आवाज करत नाही. त्याला काहीच कळलं नसेल.

"आणि धाकटी," तो म्हणाला. "ती हिशेबी. कधी हसत नसे."

इथे नेहमीचं वाक्य येतं, तिचा पूल सगळ्यांत दूर. तो थोडा थांबला. मला वाटलं, विसरला.

"तिचा पूल सगळ्यांत दूर आहे," तो म्हणाला, "पण मला तोच सगळ्यांत स्पष्ट दिसतो."

मी होडी कोपऱ्यावर बरोबर थांबवली होती.

"आलो का?" त्याने हळूच विचारलं. फक्त मला ऐकू येईल इतकंच.

"आलो."

"आता मोजा!" तो मोठ्याने म्हणाला. सगळे उजवीकडे वळले. कोणी हात लांब करून मोजत होतं, कोणी फोटो काढत होतं. "सात! खरंच सात!" एक मुलगी ओरडली. बाबा हसला, कोपऱ्यालगतच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून.

मीही मोजले. सहाच भरले, सगळ्यांत दूरचा दिसला नाही. पुन्हा मोजायला थांबले नाही. मागे दुसरी होडी उभी होती.